पाठमोऱ्या बाईचं शेवटचं वाक्य

धाकटीचं वय त्रेपन्न. केस निम्मे पांढरे, गुडघे कुरकुरणारे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढता. तरी ती धाकटीच. थोरली बहीण रंगभूमीवरची मोठी नटी, तेव्हा जग दोघींना एकाच फूटपट्टीने मोजणार: ती ताई, ही धाकटी. नाटक कंपनीतला सुतारसुद्धा तिला 'धाकटीबाई' म्हणायचा, आणि तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता.

बावीस वर्षं तिने विंगेतल्या स्टुलावर काढली. काम प्रॉम्प्टिंगचं. नट वाक्य विसरला की पहिला शब्द पुरवायचा, तोही असा की त्याला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. त्याला आवाज लागत नाही, हवा लागते. शब्द घशातून न काढता नुसत्या श्वासावर सोडायचा. त्याहून अवघड काम म्हणजे नट गप्प झाला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखणं. थांबलेल्याला शब्द दिला तर तो मध्यंतरात भांडायला येतो, आणि विसरलेल्याला दिला नाही तर तोही येतो. धाकटी ताईच्या डाव्या अंगठ्याकडे बघायची. अंगठा बोटावर घासायला लागला की ताई अडली. स्थिर असला की थांबलीय, तिला थांबू द्या.

नाटक जुनं होतं. लिहिणारा मरून पन्नास वर्षं झालेली. गोष्ट एका संपादकाच्या बायकोची. संपादक नऊ वर्षं तुरुंगात जातो. मागे बायको छापखाना चालवते, वर्तमानपत्र काढते, नवऱ्याच्या नावाने अग्रलेख लिहिते. लोकांना वाटतं, काय माणूस आहे, तुरुंगातून लिहितोय. तो सुटून येतो तेव्हा हारतुरे, मिरवणूक, भाषणं. भाषणात तो म्हणतो, "माझ्यामागे हिने सगळं सांभाळलं." घरी आल्यावर हात पुढे करतो, "छापखान्याच्या किल्ल्या दे. आता तू विश्रांती घे." ती किल्ल्या देत नाही. खाली छापखान्यात जाणाऱ्या दारापर्यंत चालत जाते, वळते, त्याच्याकडे सरळ बघते आणि म्हणते, "मी सांभाळलं नाही. मी केलं." आणि खाली निघून जाते. रंगमंचावर अंधार होतो आणि अंधारात छापायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज येतो. संपलं नाटक.

त्या वाक्यावर लोक उभे राहायचे. बायका रडायच्या. पुरुष तर जास्तच जोरात टाळ्या वाजवायचे, जसं काही हे दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याला सांगितलंय. मग तेच पुरुष पार्किंगमध्ये बायकोवर खेकसायचे, "चल लवकर, गाडी अडकेल." धाकटीने हे बावीस वर्षं ऐकलं, कारण स्क्रिप्टची फाईल घेऊन ती त्याच पार्किंगमधून बाहेर पडायची.

ते शेवटचं वाक्य ताई कधी विसरली नाही. पण धाकटी प्रत्येक प्रयोगाला ते श्वासावर धरून तयार बसायची. ताई दारात वळली की धाकटीचे ओठ आपोआप हलायचे. सहाशे बारा प्रयोग. दोघी बहिणी ते वाक्य एकदमच म्हणायच्या. फरक इतकाच की एकीचं ऐकू यायचं.

नाटकाचे दिग्दर्शक भावजी, म्हणजे ताईचे यजमान. जाहिरातीत तसं छापलेलं असायचं. खोटं कशाला बोला, तो शेवटचा अंक ताईने बसवला होता. यंत्राचा आवाज अंधारात आणायचा, ही कल्पनाही तिचीच. भावजींनी तेव्हा नाक मुरडलं होतं, "लोकांना वाटेल वीज गेली." पुढे मुलाखतीत ते सांगायचे, "मला एकदा पहाटे तो आवाज ऐकू आला." ताई बाजूला बसून हसायची. धाकटी घरी आल्यावर धुसफुसायची तर ताई म्हणायची, "जाऊ दे गं. नवरा आहे, परका थोडाच आहे."

मग भावजींनी त्या नाटकावर सिनेमा काढायचं ठरवलं. ताई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, पण कॅमेऱ्यात चाळिशीची दिसायची. शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, धूळ आहे, दगदग आहे. ती दगदग नव्हती, गाठ होती. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक, भोकात नळी, आणि उरलेलं आयुष्य त्यातून श्वास. बोलणं बंद. संपूर्ण सिनेमा चित्रित झालेला आणि नायिकेचा आवाज गेलेला.

दोघी बहिणींचा आवाज मात्र एकच होता. इतका एक, की त्यांची आई फोनवर आधी विचारायची, "कोणती बोलतेस?" भावजींनी जेवताना वर न बघताच सांगितलं, "धाकटे, डबिंग तू कर. तुला पाठच आहे सगळं."

डबिंगची खोली छोटी, भिंतींना फोमचे चौकोन, मधोमध माईक आणि समोर पडदा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, पस्तिशीचा, बडबड्या. पहिल्या दिवशी धाकटीच्या तोंडून आवाजच निघेना. पडद्यावर ताईचे ओठ हलले की ही श्वासावर शब्द सोडायची, आणि माईकमध्ये फक्त फुसफुस.

"मावशी," रेकॉर्डिस्ट स्पीकरवरून म्हणाला, "चोरून बोलताय का कुणाशी? मालक ऐकत नाहीयेत, मोठ्याने बोला."

"सवय नाही रे."

"बायकांना मोठ्याने बोलायची सवय नाही, हे माझ्या घरी येऊन सांगा एकदा."

हळूहळू जमलं. तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्यातून ताई बोलायला लागली. स्वतःच्याच आवाजाने ती आधी दचकली, मग तिला त्याची गोडी लागली. बावीस वर्षं जी वाक्यं तिने इतरांच्या तोंडात घातली, ती आता स्वतःच्या घशातून, छातीतून, पोटातून येत होती. आठव्या दिवशी भांडणाचा प्रसंग झाला, तेव्हा रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे उठून उभा राहिला. त्या दिवशी धाकटी घरापर्यंत चालत गेली. बसमध्ये बसावंसं वाटेना, इतकी ती भरून पावली होती.

नवव्या दिवशी शेवटचा प्रसंग आला.

डबिंगची पद्धत अशी: शूटिंगच्या वेळी तिथल्या तिथे जो कच्चा आवाज घेतलेला असतो, तो आधी कानात ऐकवतात, म्हणजे बोलणाऱ्याला चाल कळते. मग त्यावर स्वच्छ खोलीत नवा आवाज भरतात आणि कच्चा फेकून देतात. धाकटीने हेडफोन चढवले. पडद्यावर ताई दाराकडे चालत गेली. नाटकात ती वळायची. इथे वळलीच नाही. कॅमेरा मागे होता. ताईची पाठ, अंबाडा, बाजूला लोंबणारा डावा हात, आणि दारातून आत येणारा उजेड. थोडी शांतता. मग हेडफोनमध्ये, पंख्याच्या घरघरीत, घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात ताई म्हणाली, "मी सांभाळलं नाही. मी केलं."

धाकटीने डोळे मिटले. ताईचा आवाज तिने ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकला होता.

मग तिने समोरचा कागद बघितला. त्यावर टाईप केलेलं होतं: 'तुमचं होतं ते. मी नुसतं सांभाळलं.' पुढे कंसात, नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवतो. तिला घेऊन खाली जातो. यंत्र तो सुरू करतो.

"कागद चुकलाय," धाकटी म्हणाली.

"नाही मावशी. हाच फायनल आहे."

"ती वेगळं बोलतेय."

"बोलू द्या ना. पाठ आहे. ओठ दिसत नाहीत. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घाला, बसतं."

तो वाईट माणूस नव्हता. तो त्याचं काम सांगत होता.

भावजी दुपारी आले. पांढरा शर्ट, कपाळावर चष्मा, नेहमीसारखे खुशीत. स्टुडिओच्या व्हरांड्यात धाकटीने त्यांना गाठलं.

"भावजी, शेवटचं वाक्य बदललंय."

"बदललं नाही. सुधारलं."

"अहो, सगळं नाटक त्या वाक्यासाठी आहे."

"नाटक आहे. हा सिनेमा आहे." ते कठड्याला टेकले. "हे बघ मेव्हणीबाई, नाटकाला बायका बायकांच्या घोळक्याने येतात. सिनेमाला नवऱ्याला घेऊन येतात. अर्ध्या थिएटरच्या थोबाडीत मारून त्याला घरी पाठवायचं का?"

"बावीस वर्षं मारलीच की."

"तेव्हा मी तरुण होतो," भावजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

"ताईने शूटिंगला जुनंच म्हटलंय. कच्च्या आवाजात आहे. ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं ना. आणि न ऐकता पण माहीत होतं. बायको आहे माझी. म्हणून तर कॅमेरा मागे लावला."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की धाकटीला ते पोचायला वेळ लागला. सांगण्यात लपवाछपवी नव्हती, लाजही नव्हती. बाई आपलं ऐकणार नाही म्हणून तिच्याशी वाद घालायचा नाही. कॅमेरा उचलून तिच्या पाठीमागे ठेवायचा. झालं काम.

"मग आहे तेच ठेवा," ती म्हणाली. "ताईचा स्वतःचा आवाज आहे. शेवटचा."

"त्यात पंखा घरघरतोय. मागे कुणीतरी खोकतंय. असल्या आवाजावर सिनेमा संपवू?" त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "तुला त्रास होतोय, कळतंय मला. आज घरी जा. उद्या सकाळी पाच मिनिटांचं काम आहे. आणि ताईला यातलं काही सांगू नकोस. तिला आजारपण पुरे आहे."

संध्याकाळी धाकटीने ताईची नळी साफ केली. हे रोज दोनदा करायचं. आतली नळी अलगद बाहेर काढायची, कोमट पाण्यात बारीक ब्रशने चिकटा काढायचा, भोकाभोवतीची कातडी कापसाने पुसायची, नवी पट्टी मानेमागे बांधायची. पट्टीत एक बोट जाईल इतकी ढिली, दोन जाणार नाहीत इतकी घट्ट. ताई त्या वेळी छताकडे बघत राहायची. जिच्या एका वळण्यावर नाट्यगृह श्वास रोखायचं, तिला आता खोकला आला की लोक तोंड फिरवायचे.

ताई बोलायची ती पाटीवर. शाळेतल्या पोराची असते तसली काळी पाटी आणि खडू. डॉक्टरांनी बटणांचं कसलं तरी यंत्र सुचवलं होतं. ताईने ते ढकलून दिलं होतं.

धाकटीच्या पोटात काही राहिना. "ताई, शेवटचं वाक्य बदललंय."

ताईने लिहिलं: 'माहीत आहे.'

"कधीपासून?"

'शूटिंगच्या आधीपासून.'

"आणि तरी तू जुनं म्हणालीस." दुपारपासून धाकटीने मनात हेच घोळवलं होतं. नवऱ्याने कॅमेरा मागे लावला, कागद बदलला, आणि ताईने दाराकडे तोंड करून का होईना, आपलं वाक्य म्हटलंच. "मी ऐकलं आज. घसा गेलेला, तरी म्हणालीस."

ताईने तिच्याकडे बघितलं. मग खाली मान घालून एकच शब्द लिहिला.

'सवयीने.'

"काहीतरीच."

ताईने पाटी पुसली, लिहिली, दाखवली, परत पुसली, परत लिहिली. 'तोंडातून गेलं.' 'त्यांनी विचारलं, परत घ्यायचं का.' 'म्हटलं राहू दे, डबिंगला नीट करीन.'

"तू नीट करणार होतीस? तू?"

ताईने होकाराची मान हलवली.

"ताई, सहाशे वेळा तू त्या माणसाच्या डोळ्यात बघून सांगितलंस. कशालाच घाबरली नाहीस."

ताईने लिहिलं: 'नाटकात.'

धाकटी त्या अक्षरांकडे बघत बसली. तिला एकदम आठवलं, की पडदा पडल्यावर काय व्हायचं. खाली छापखान्यात निघून गेलेली बाई विंगेत यायची, आणि विंगेत भावजी तिची शाल घेऊन उभे असायचे. "आवर लवकर. घरी माणसं बसलीत." आणि ताई एका गालाचा रंग पुसत, दुसरा तसाच ठेवून, चपला शोधत पळायची. प्रत्येक प्रयोगाला. धाकटी चार हातांवर उभी राहून, फाईल आवरत हे बघत होती, आणि तिला वाटायचं, हे नाटकाच्या बाहेरचं आहे, याचा नाटकाशी काय संबंध. उलट होतं. हेच खरं होतं आणि ते वाक्य याच्या बाहेरचं होतं.

ताईने तिच्या गुडघ्यावर पाटी टेकवली. 'म्हणून टाक.'

"नाही म्हटलं तर?"

'तू राहतेस कुठे?'

टोमणा नव्हता तो. ताईच्या डोळ्यांत भीती होती. धाकटीचं लग्न झालं नाही, घर झालं नाही, कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली. ती या घरातल्या मागच्या खोलीत राहत होती, आणि खोली भावजींच्या नावावर होती. ताईने अजून एकदा लिहिलं, अक्षरं वाकडी आली. 'मी गेल्यावर कोण बघेल तुला?'

धाकटीने तिची उशी सारखी केली. "बरं," ती म्हणाली. "म्हणते."

आणि ती खरंच म्हणायचं ठरवून सकाळी स्टुडिओत गेली. कुणी तिच्यावर बळजबरी केली नव्हती. एक बहीण दुसऱ्या बहिणीसाठी चार शब्द खोटे बोलते, त्यात काय मोठं. बायका आयुष्यभर यापेक्षा मोठं खोटं बोलतात आणि वर हसतात.

भावजी रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसले होते. पडदा उजळला. ताईची पाठ. अंबाडा. डावा हात. शांतता. धाकटीचं लक्ष अंगठ्यावर गेलं. अंगठा स्थिर होता.

तिच्या तोंडून श्वासावर निघालं, "मी."

"मावशी, हवा आली," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आणि कागदावर 'तुमचं' आहे. परत घेऊ."

परत. ताईची पाठ, हात, अंगठा. "मी."

चौथ्यांदा भावजी हसले. "मेव्हणीबाई, प्रॉम्प्टिंग बंद झालंय. नट नाही समोर, फिल्म आहे." सहाव्यांदा ते हसले नाहीत. आठव्यांदा धाकटीने कागद डोळ्यांसमोर धरला, पडद्याकडे बघितलंच नाही, तर वाक्य अर्धं आलं आणि 'नुसतं'वर तुटलं. दहाव्यांदा परत "मी."

ती मुद्दाम करत नव्हती. तिने बावीस वर्षं ताई थांबली की तिचा पुढचा शब्द ओठांवर आणला होता, आणि आता कुणी कितीही समजावलं तरी त्या ओठांना दुसरा शब्द ठाऊक नव्हता. पण दहाव्या आणि अकराव्या टेकच्या मधे, रेकॉर्डिस्ट फिल्म मागे घेत असताना, पडद्यावर ताई उलटी चालत दारापासून खोलीत परत आली. पावलं मागे, मागे, नवऱ्याच्या जवळ, किल्ल्यांच्या जवळ. धाकटीने ते बघितलं. आणि मग ते सवयीचं राहिलं नाही.

तिने हेडफोन काढून स्टँडवर ठेवले.

"काय झालं?" स्पीकरवरून भावजी.

"मला जमत नाही."

"जमत नाही, की करत नाहीस?"

"करत नाही."

हे तिने मोठ्याने म्हटलं. ताईच्या आवाजात. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने एकदम मान वर केली आणि लगेच बटणांकडे बघायला लागला.

भावजींनी स्पीकरचं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. आवाज चढला नव्हता. "ठीक आहे. घरी जा. जाताना घर कुणाचं आहे तेवढं आठव."

पुढे तीन आठवडे घरात शांतता होती, पण चांगली नव्हे. भावजी धाकटीशी थेट बोलेनात. "तिला सांग, माझा शर्ट कुठाय." "तिला विचार, औषध आणलं का." बायको मुकी, तिला सांगायचं, आणि तिने पाटीवर लिहून शेजारच्याच खोलीत बसलेल्या बहिणीला दाखवायचं. एकदा ताईने लिहिलं, 'शर्ट', आणि दोघी जणी हसल्या. ताईचं हसणं म्हणजे नळीतून येणारी नुसती हवा.

डबिंगचं ताई विचारणार होती, त्याच दिवशी. पण विचारायच्या आत भावजींनीच सांगून टाकलं होतं, "झालं काम. सुंदर म्हटलं." कुणी म्हटलं ते सांगितलं नाही. धाकटी तेव्हा दारात होती. तिने तोंड उघडलं नाही. सगळं धैर्य स्टुडिओतच संपलं होतं बहुतेक. किंवा ताईच्या चेहऱ्यावरची सुटका बघून तिला ते मोडवेना. जे असेल ते असो, ती गप्प बसली, आणि ही चूक तिची.

वाक्य एका मुलीने म्हटलं होतं. कार्यक्रमांत नटनट्यांच्या नकला करते, तिने. रेकॉर्डिस्टने फोन करून सांगितलं. "मावशी, वाईट नका वाटून घेऊ. पहिल्याच टेकला ओके झालं."

"वाईट कशाला? तिचं काम आहे."

"तुमच्यासारखं नाही पण."

"झालं ना ओके?"

"झालं," तो म्हणाला.

सिनेमाचा पहिला खेळ दुपारी होता, बोलावलेल्या लोकांसाठी. ताई गळ्याला रेशमी रुमाल बांधून आली. पायऱ्या चढताना लोक वाकून नमस्कार करत होते आणि रुमालाकडे बघणार नाही याची काळजी घेत होते. मधल्या रांगेत ताई, एका बाजूला भावजी, एका बाजूला धाकटी. मांडीवर पाटी.

दोन तास धाकटी स्वतःचा आवाज ताईच्या तोंडून ऐकत बसली. भांडणाच्या प्रसंगाला मागे कुणीतरी हुंदका दिला. ताईने धाकटीकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे वा. मग दार आलं. पाठ आली. उजेड. शांतता. आणि तो आवाज, थोडा भिजलेला, थोडा हसरा, अगदी हुबेहूब: "तुमचं होतं ते. मी नुसतं सांभाळलं." नवऱ्याचा हात खांद्यावर. यंत्र सुरू. टाळ्या. लोक उभे राहिले. बायका रडत होत्या, तशाच, पूर्वीसारख्या. कुणाला काही कमी पडलं नव्हतं.

भावजी उठून पुढे गेले, लोकांचे हात हातात घ्यायला. ताई बसून राहिली. अंधुक उजेडात तिने पाटीवर लिहिलं आणि धाकटीपुढे धरलं.

'छान म्हटलंस.'

धाकटीने ते वाचलं. आता गप्प बसली असती तर सगळं सुरळीत चाललं असतं. मागची खोली, सकाळ-संध्याकाळची नळी, शर्ट.

"मी नाही म्हटलं ते, ताई."

ताईने कपाळाला आठी घातली.

"मी नाही म्हटलं. मी नको म्हणून निघून आले. ते एका मुलीने म्हटलंय, नकला करते ती."

ताईने पडद्याकडे बघितलं. पडदा पांढरा झाला होता. लोक एकमेकांच्या पायांवरून वाट काढत होते, "या ना एकदा घरी," "हो हो, नक्की." मग तिने पाटी पुसली आणि लिहिलं.

'मला फरक कळला नाही.'

आणि ती रडायला लागली. तोंडातून आवाज नाही, गळ्यातल्या नळीत घुसमट, रुमाल ओला. धाकटीने रुमाल सोडला, नळी मोकळी केली, पाठ चोळली. शेजारून जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "होणारच हो असं. काय काम केलंय तुम्ही."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला भावजी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा धाकटीशी थेट बोलले. आवाज मऊ होता. "उद्यापासून नर्स येतेय. पूर्ण वेळ. तू पुष्कळ केलंस, आता तुला मोकळीक."

ताईच्या हातात खडू होता. धाकटीने वाट बघितली. ताईने खडू खाली ठेवला.

कंपनीचा कपडेपट बघणारी बाई एकटीच राहत होती. तिने फोनवर विचारलं, "घोरतेस का?" धाकटी म्हणाली, "नाही." "मी घोरते. चालत असेल तर ये."

नर्स सकाळी आठला आली. जाडजूड, हसरी, कामाची. धाकटीने तिला नळी कशी काढायची ते दाखवलं. ब्रश कोणता, पाणी किती कोमट, कापूस कुठल्या कपाटात. "पट्टीत एक बोट गेलं पाहिजे. दोन नाही. आणि घाई केली की त्यांना खोकला येतो, तेव्हा घाई करू नका."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

"मग घरातलंच माणूस असताना मला कशाला बोलावलं?" नर्सने सरळ विचारलं. मग तिला दारातली बॅग दिसली आणि ती ब्रश धुवायला वळली.

ताई खुर्चीत बसून दोघींकडे बघत होती. धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली, गुडघे कुरकुरले. "येते मी. फोन करीन. तू नुसतं ऐक."

ताईने पाटी घेतली. लिहिलं, 'जा.' धाकटीने वाचायच्या आत तळहाताने पुसलं आणि लिहिलं, 'जाऊ नको.' तेही पुसलं. पुन्हा लिहायला लागली, पण खडू नुसताच टेकवून ठेवला. पाटीवर पांढरा धूर पसरल्यासारखं झालं, आणि त्यात दोन्ही शब्द थोडे थोडे दिसत राहिले.

धाकटीने पदराने पाटी स्वच्छ पुसली, कारण नर्सला ती लागणार होती. मग बॅग उचलली.